सात घरांचा चौक

सात घरं आणि त्यांच्यामध्ये आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद असा एक चौक. असे तीन चौक शेजारी आले की एकवीस घरांचा गट होतो आणि त्या गटाच्या मध्यभागी बारा मीटरच्या आसपासचं मोठं अंगण तयार होतं. एकवीस घरांचे तीन गट एकमेकांत गुंतले की वीस मीटरचं पटांगण. सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजच्या आराखड्याचं मर्म एवढंच आहे. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, सेक्टर आठमध्ये, चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी ही वसाहत रचली. जमीन साधारण सहा हेक्टर, घरं साडेपाचशेच्या आसपास. वास्तुकला शिकणारी मुलं देशोदेशी हा आराखडा अभ्यासतात. मुंबईच्या परिसरात ज्यांना घर हवं आहे त्यांनीही तो एकदा सावकाश वाचावा, असं मला फार वाटतं.

घर शोधणाऱ्या मध्यमवर्गीय मराठी माणसाची मागणी तशी जुनीच आहे. बैठं घर, फार तर वर एक मजला. दारात थोडी मोकळी जागा, तुळस, एखादं पेरूचं किंवा शेवग्याचं झाड. वस्ती रुळलेली हवी, म्हणजे वाणी, डॉक्टर, शाळा, रिक्षा हाकेच्या अंतरावर. आणि हे सगळं पगारातून हप्ता फिटेल अशा किमतीत. बांधकाम व्यावसायिकांना ही ओढ पक्की ठाऊक आहे. म्हणून प्रकल्पांच्या नावांत वाडा, अंगण, कोकण येतं, फाटकावर दोन ओळी कौलं चढतात, खालच्या दालनात जातं आणि पितळी समई मांडली जाते. वर वीस-बावीस मजले. या सजावटीत परंपरा शोधणारा फसतो. जुन्या घरात गेल्यावर आपल्याला जे बरं वाटायचं ते कौलांमुळे फार थोडं होतं. बाहेरून आत जाताना पार कराव्या लागणाऱ्या जागांच्या क्रमामुळे ते पुष्कळ जास्त होतं.

कोकणातलं घर आठवा. बेडं ओलांडलं की अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी आणि शेवटी परस. मासे घेऊन आलेली बाई अंगणात थांबते, पोस्टमन पडवीला टेकतो, पाहुणा ओटीवर बसतो, माजघरात घरची माणसं. कोणी कुठवर यायचं हे कुणी कुणाला सांगत नाही, पायऱ्याच सांगतात. पुण्याच्या वाड्यात दिंडी, देवडी आणि चौक हेच काम करत. गिरणगावातल्या चाळीत जागेची कमालीची टंचाई होती, तरीही खोली, खोलीपुढची गॅलरी, सामायिक नळ आणि खालचं पटांगण असा क्रम तिथेही टिकून होता. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहू शकली ती गॅलरीच्या आणि पटांगणाच्या जिवावर.

कोरियांनी हा क्रम नेमका पकडला. १९८५ मध्ये आलेल्या ‘द न्यू लँडस्केप’ या पुस्तकात त्यांनी शहरातल्या राहणीला लागणाऱ्या चार जागा सांगितल्या आहेत. स्वयंपाक, झोप आणि सामान यांसाठी कुटुंबाची खासगी जागा. मग दाराबाहेरची, पोरं खेळतात आणि शेजारणी बोलतात ती सलगीची जागा. तिसरी, वस्तीतली भेटण्याची जागा, म्हणजे गावातली विहीर किंवा शहरातला नळ. आणि चौथी सगळ्यांची, मैदानासारखी. त्यांचं म्हणणं असं, की या चार जागा एकमेकींची उणीव भरून काढतात आणि त्यांतल्या काही आकाशाखाली उघड्या असल्या तरी चालतात, कारण आपल्या हवेत वर्षाचा मोठा काळ माणूस बाहेर सुखाने बसू शकतो. उघड्या जागेला ना स्लॅब लागतो ना खांब. गरिबाच्या घराला खोली वाढवून देणं महाग पडतं, अंगण देणं तितकं महाग पडत नाही. परवडणाऱ्या घराबद्दल इतका साधा आणि इतका खरा विचार मी दुसरीकडे क्वचितच वाचला आहे. बेलापूरची वसाहत म्हणजे या विचाराचं विटामातीतलं रूप.

आता आत शिरू या. मोठ्या रस्त्याचा गोंगाट मागे पडतो आणि वाट अरुंद होत जाते. सरळसोट गल्ली इथे क्वचितच भेटते. वाट जरा वळते, रुंदावते, पुन्हा आवळते. नजर कुठेतरी अडते आणि तिथेच एक चौक उघडतो. वीस मीटरच्या पटांगणातून बारा मीटरच्या अंगणात, तिथून आठ मीटरच्या चौकात, तिथून घराच्या स्वतःच्या फरसबंद तुकड्यावर आणि मग उंबऱ्याशी. कोकणातल्या घरात जे एका कुटुंबासाठी होतं ते इथे साठ-पासष्ट कुटुंबांमध्ये पसरलेलं आहे. परका माणूस आला की दुसऱ्या टप्प्यावरच त्याला कुणीतरी विचारतं, ‘कोण पाहिजे?’ अशा विचारण्याला काही लोक चौकशीखोरपणा म्हणतात. मला त्यात पहारा दिसतो, आणि तो कुणालाही पगार न देता मिळालेला आहे.

आठ मीटर हे माप मला या रचनेतलं सगळ्यात सुंदर माप वाटतं. एवढ्या अंतरावरून समोरच्याचा चेहरा स्पष्ट दिसतो, आवाज न चढवता बोलता येतं, पण समोरच्या घरात ताटात काय वाढलंय ते दिसत नाही. मंगळागौरीचा खेळ, बारशाची पंगत, गणपतीची आरती यांना जागा पुरते. क्रिकेट मात्र नीट जमत नाही, त्यासाठी पुढच्या पटांगणात जावं लागतं; म्हणजे लहानग्यांची जागा आणि थोराड पोरांची जागा आपोआप वेगळी झाली. मूळच्या घरांची वळचण तीन-चार मीटरवर होती. म्हणजे चौकाची रुंदी वळचणीच्या उंचीच्या दुप्पट किंवा थोडी जास्त. या प्रमाणात आकाश भरपूर मिळतं, आणि तरीही आपण चार भिंतींच्या ओंजळीत आहोत असं वाटत राहतं. प्रमाणाचं हे भान कोरियांच्या हातात पहिल्यापासून होतं. साबरमती आश्रमातल्या गांधी स्मारक संग्रहालयात, १९५८ ते १९६३ या काळात, त्यांनी सहा मीटरचा एक चौरस घेतला आणि तो कुठे भिंतींनी बंद, कुठे नुसत्या छपराचा, कुठे पूर्ण मोकळा ठेवत सगळी इमारत विणली. बेलापूरला तेच व्याकरण गृहस्थाश्रमात आलं.

सातच घरं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. चार घरांत एकाशी बिनसलं तर चौक ओस पडतो. बारा-पंधरा घरं झाली की कोण कुणाचं हे धूसर होऊ लागतं आणि सभा घ्यावी लागते. सात घरांत एखाद्याशी अबोला असला तरी बाकी पाच जणांबरोबर दिवस जातो. हे माझं वाचन आहे. पण चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या कुणालाही विचारा, आपल्या बाजूच्या किती खोल्यांत तुम्ही न विचारता शिरत होता? उत्तर याच आकड्याच्या आसपास येईल.

या वसाहतीतली सगळ्यात धीट गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, ती कागदावर वाचावी लागते. भूखंड पंचेचाळीस चौरस मीटरपासून पंच्याहत्तर चौरस मीटरपर्यंतचे आहेत, म्हणजे साधारण ४८५ ते ८०० चौरस फूट. घरांच्या त्या वेळच्या किमती वीस हजार रुपयांपासून एक लाख ऐंशी हजारांपर्यंत ठेवल्या होत्या. किमतीत नऊ पटींचा फरक, जमिनीत दुपटीचासुद्धा नाही. सर्वांत लहान घर म्हणजे छपराखाली जेमतेम एक खोली आणि संडास-न्हाणी. सर्वांत मोठं दुमजली, सज्जा असलेलं. तरीही दोघांच्या पायाखालची जमीन जवळजवळ सारखी. आज गरीब असलेला माणूस वीस वर्षांनी गरीबच असेल असं या आराखड्याने धरलेलं नाही. मुलं शिकतील, नोकरीला लागतील, मग घराला खोली जोडतील. आपल्या बहुतेक सरकारी गृहयोजनांत अल्प उत्पन्न गटाला एक लहानशी खोली मिळते आणि ती कायम तेवढीच राहते, कारण तिसऱ्या मजल्यावरची खोली हवेत वाढू शकत नाही. बेलापूरला माणसाला मिळाली ती जमीन आणि एक सुरुवात.

ही वाढ नुसती मनात धरून भागत नाही, ती बांधकामात उतरवावी लागते. इथे प्रत्येक घर सुटं आहे. शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही. त्यामुळे एकाने छप्पर काढलं तर दुसऱ्याच्या घरात पाणी येत नाही आणि ‘आमच्या भिंतीला हात लावू नका’ हे भांडण जन्मालाच येत नाही. शेजाऱ्याच्या बाजूची भिंत कोरी, तिला खिडकी नाही. उजेड आणि वारा आपल्याच अंगणातून आणि चौकातून घ्यायचा. चाळीतल्या आणि वाड्यांतल्या सामायिक भिंतींवरून पिढ्यानपिढ्या कोर्टकचेऱ्या चाललेल्या आपण पाहिल्या आहेत. संडास-न्हाणी मात्र जाणूनबुजून शेजारच्या संडास-न्हाणीला पाठ लावून ठेवली, म्हणजे दोन घरांना नळाची आणि सांडपाण्याची एकच ओळ पुरते. जिथे वेगळं असायला हवं तिथे वेगळं, जिथे एकत्र आल्याने पैसे वाचतात तिथे एकत्र. हा विवेक मला एखाद्या थोर गृहिणीच्या हिशेबाच्या वहीसारखा वाटतो.

बांधणीही तशीच. विटांच्या भार पेलणाऱ्या भिंती, गिलावा, चुन्याची सफेदी, लाकडी वासे-रीप आणि मंगलोरी कौलं. यातलं काहीही बेलापूर-पनवेलच्या गवंड्याला आणि सुताराला शिकवावं लागलं नसेल. उंच इमारतीला लोखंड, सिमेंट, लिफ्ट आणि मोठा कंत्राटदार लागतो. एक-दोन मजली घराला ओळखीचा गवंडी पुरतो आणि घराचा पैसा आसपासच्या कारागिरांच्या हातात फिरतो. कोरिया हे हिरिरीने मांडत. बैठी घरं जमीन खातात, या नेहमीच्या आक्षेपाला त्यांनी आकड्याने उत्तर दिलं. शाळा आणि मोकळ्या जागा धरूनही इथे हेक्टरी सुमारे पाचशे माणसं राहतात. उंच इमारतींच्या पुष्कळ वसाहतींतही दोन इमारतींमधलं अंतर, रस्ते आणि वाहनतळ वजा केले की हाती काही फार मोठा फायदा उरत नाही.

पावसाळ्यातलं या जागेचं रूप मला खास वाटतं. पारसिकवरून उतरणारं पाणी वाहून नेणारा एक ओढा वसाहतीतून जातो. आराखडा करताना त्याला पुरलं नाही की बाजूला ढकललं नाही. त्याच्याभोवतीच वसाहत बसवली. मूळच्या कौलारू घरांतलं एखादं अजून उभं असलेलं सापडलं तर जुलैत त्याच्या वळचणीला उभं राहावं. पागोळ्या चौकात पडतात, पाणी उताराने ओढ्याकडे निघतं, डोंगर ढगात बुडालेला असतो. ठाण्याच्या खाडीपलीकडे मुंबईत पाणी तुंबल्याच्या बातम्या चालू असताना उताराची ही साधी समज किती मोलाची आहे, ते कळतं.

कोरियांची ही एकच बाजू पाहून चालणार नाही. ज्या वर्षी बेलापूरचं काम सुरू झालं त्याच १९८३ मध्ये मुंबईच्या कंबाला हिलवरची त्यांची कांचनजंगा ही इमारत पूर्ण झाली: २८ मजले, ३२ आलिशान घरं, कोपऱ्याकोपऱ्यांत दुहेरी उंचीच्या बागेच्या गच्च्या. एकाच माणसाच्या हातची एका टोकाची आणि दुसऱ्या टोकाची घरं. कांचनजंगा देखणी आहे यात वाद नाही. तरीही मला बेलापूरच थोर वाटतं. कांचनजंगात आकाशाचा तुकडा पैशाने विकत घेतलेला आहे आणि तो एकट्याचा आहे. बेलापूरला तोच तुकडा सात घरांत वाटलेला आहे, आणि वाटल्यामुळे मोठा झाला आहे.

याच काळात, पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी इंदूरजवळ ‘अरण्य’ ही वसाहत रचत होते. साडेसहा हजार भूखंड, अनेकांवर फक्त जोतं आणि संडास-न्हाणी, बाकी घर ज्याने त्याने बांधायचं. तिला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. अरण्यचा आवाका कितीतरी मोठा आणि रस्त्याकडेच्या ओट्यांचं, बाहेरच्या जिन्यांचं तिचं काम जास्त जिवंत. पण दोशींचा जीव रस्त्यात आहे, कोरियांचा चौकात. माळव्यातल्या बाजारपेठेच्या शहराला रस्ता शोभतो. कोकणाच्या उंबऱ्यावर, चाळीतून आणि गावातून आलेल्या माणसांना चौक जवळचा वाटणं स्वाभाविक होतं.

ज्या जमिनीवर हा चौक उभा आहे तिच्याबद्दल न बोलता पुढे जाणं बरोबर होणार नाही. खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, कोरिया तिचे पहिले मुख्य वास्तुविशारद झाले. शहरासाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली, आगरी-कोळी कुटुंबांची भातखाचरं आणि मिठागरं गेली. १९८४ च्या जानेवारीत, आर्टिस्ट व्हिलेजचं काम चालू असतानाच, उरण तालुक्यात रास्त मोबदला मागणाऱ्या पाच शेतकऱ्यांचा पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आपल्याला परवडणारं घर मिळतं तेव्हा जमीन स्वस्तात कुणी दिली, हा प्रश्न त्या घराच्या रसग्रहणाचाच भाग आहे. आराखड्याच्या सौंदर्याने तो पुसला जात नाही.

घरं तयार झाली तेव्हा इथे यायला हिंमत लागत होती. वाशीपर्यंत लोकल १९९२ मध्ये आली, बेलापूरला त्यानंतर. तोवर खाडीपूल, बस आणि वाट पाहणं. कोकण भवनात बदली होऊन आलेले कर्मचारी, नोकरदार, काही कलावंत अशी मंडळी इथे रुजली. आज आपण ज्याला रुळलेली वस्ती म्हणतो ती या पहिल्या रहिवाशांनी, त्यांनी लावलेल्या आंबा-फणसांनी आणि त्यांनी चालवलेल्या चौकांनी रुळवली आहे.

आता ज्याची सगळे हळहळ करतात त्या गोष्टीकडे येतो. मूळची कौलारू, पांढरी, ठेंगणी घरं बरीचशी गेली. त्यांच्या जागी काँक्रीटचे दुमजली-तिमजली बंगले आले, रंगीत फरशा, स्टीलचे कठडे, काचेच्या खिडक्या घेऊन. जुनी छायाचित्रं मनात धरून येणाऱ्या वास्तुप्रेमींना इथे पाय ठेवताच वाईट वाटतं. मला त्या हळहळीचा निम्माच भाग पटतो. मंगलोरी कौलांचं घर दर मे महिन्यात शाकारणी मागतं. वासे कुजतात, वाळवी लागते, कामाला माणूस मिळत नाही. कौलांवर मजला चढत नाही, आणि मुलाचं लग्न झालं की मजला लागतोच. घर वाढेल हे या आराखड्याचं वचन होतं. रहिवाशांनी ते वचन वापरलं. रहिवाशाने आपल्या घराचा चेहरा बदलला तर ती आराखड्याची हार मानू नये. उलट चाळीस वर्षांत एवढी घरं पाडून बांधली गेली, तरी चौक जागच्या जागी आहेत, हा आराखड्याच्या ताकदीचा पुरावा आहे. पंचेचाळीस-पंच्याहत्तर चौरस मीटरचे तुकडे इतके लहान आहेत की त्यांवर टॉवर उभा राहू शकत नाही. जमिनीच्या या बारीक वाटणीनेच वसाहतीचं रक्षण केलं.

हळहळीचा दुसरा निम्मा भाग मात्र मला बोचतो, आणि तो उंचीचा आहे. आठ मीटरच्या चौकाभोवती तीन मजले चढले की भिंती नऊ-दहा मीटरवर जातात. मग उंची रुंदीपेक्षा जास्त होते. ओंजळ होती तिची विहीर होते. दुपारचं ऊन तासभर तळाशी येतं आणि जातं, वारा वरच्यावर निघून जातो. काही घरांनी चौकाकडचा ओटा तोडून तिथे उंच कुंपण आणि सरकतं फाटक लावलं आहे. घराला चौकाकडे तोंडच उरलेलं नाही. आणि मोटारी. १९८३ मध्ये इथल्या कुटुंबांकडे गाड्या येतील हे कोरियांनी पुरेसं धरलं नव्हतं, ही या रचनेची उघड त्रुटी आहे. चौकात दोन गाड्या उभ्या राहिल्या की पोरांची जागा गेली. जो चौक सगळ्यांचा असतो त्याची फरशी कुणी बदलायची, गटार कुणी साफ करायचं, दिव्याचं बिल कुणी भरायचं, याचं उत्तरही आराखड्यात नाही. ते सात घरांना आपापसांत शोधावं लागतं. ज्यांनी शोधलं त्यांचे चौक स्वच्छ आहेत, तुळशीवृंदावनं आणि बाक आहेत. ज्यांना जमलं नाही त्यांचे चौक पार्किंग झाले.

ही घरं आता वीस हजारांना तर नाहीच, मध्यम पगाराच्या माणसाला सहज परवडतील अशाही किमतीला मिळत नाहीत. यात दोष वसाहतीचा नाही. अशा वसाहती दोन-चारच झाल्या, म्हणून त्या दुर्मीळ आणि महाग झाल्या. त्याच सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने चारकोप, गोराई आणि इतर काही ठिकाणी लहान भूखंड आखून त्यांवर टप्प्याटप्प्याने घर वाढवण्याची योजना राबवली गेली. तिथेही सामायिक चौकांभोवती घरांचे पुंजके आहेत, आणि चारकोपच्या गल्ल्यांत संध्याकाळी फिरलं की बेलापूरच्या नात्याची ओळख पटते. पुढे हा धागा सरकारने सोडला. आज परवडणारं घर म्हटलं की फक्त उंच इमारतीतली लहान खोली डोळ्यांपुढे येते. सिडको आणि म्हाडाने निदान उपनगरांच्या नव्या टोकांना, जिथे जमीन अजून हाती आहे, तिथे शे-दोनशे घरांची अशी एखादी वसाहत पुन्हा करून पाहावी. आराखडा तयार आहे, चाळीस वर्षं वापरून पारखलेला आहे, आणि त्यातली मोटारीची व उंचीची चूक कुठे झाली तेही आपल्याला माहीत आहे.

आणि ज्यांना आजच तिथे, किंवा तशा एखाद्या जुन्या वस्तीत, घर घ्यायचं आहे त्यांना चार शब्द. दलाल तुम्हाला आधी घरात नेईल, फरशी आणि स्वयंपाकघर दाखवेल. तुम्ही आधी चौकात थांबा. एकदा संध्याकाळी सहाला जा आणि एकदा भर पावसात. चौकात पोरं आहेत की गाड्या, पाणी कुठे जातं, किती घरांची दारं चौकाकडे उघडी आहेत ते बघा. शेजारच्या घरांवर अजून मजला चढायचा असेल तर तुमच्या खिडकीतलं आकाश आजच्याइतकं राहणार नाही, हे धरून चला. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची आहे, तेव्हा पट्ट्याचे कागद, हस्तांतरणाची परवानगी आणि वाढीव बांधकामाची मंजुरी वकिलाकडून तपासून घ्या. घर जुनं, पडकं, कौलं फुटलेलं असेल तर घाबरून जाऊ नका. भाव करायला तेच सोयीचं असतं आणि भिंती धड असतील तर दुरुस्ती नव्या बांधकामापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होते. घर तुमचं झाल्यावर त्यात हवे ते बदल करा, तो तुमचा हक्क आहे आणि कोरियांनीही तो गृहीत धरला होता. फक्त चौकाकडच्या भिंतीत दार, खिडकी आणि बसायला ओटा ठेवा, आणि मजला चढवायचाच झाला तर तो चौकापासून जरा मागे घ्या.